टेकडी राखायची तर सुरुवात तलाठ्याच्या दप्तरापासून

विचारणा अशी आहे: नागपूरजवळ हिंगण्याकडच्या एका लेआउटच्या (प्लॉट पाडून झालेल्या वसाहतीच्या) मागे ७०-८० एकरांची माळरानासारखी टेकडी आहे. लेआउटमधले लोक सकाळी तिथे फिरायला जातात, रविवारी सायकलवाले येतात आणि शेजारच्या गावची गुरं, बकऱ्या तर रोजच असतात. गेल्या उन्हाळ्यात एका कोपऱ्यातून मुरूम उचलला गेला आणि सगळे हादरले. आता ही जागा निसर्गासाठी राखायची, पायवाटा सगळ्यांना खुल्या ठेवायच्या आणि येत्या जुलैत ५०० झाडं लावून कामाला लागायचं, असं ठरतंय. हे बरोबर आहे का, आणि पुढे काय करायचं?

जागा राखायचं ठरवलंत, फार चांगलं केलंत. पण झाडं लावून सुरुवात करू नका. हे मी इतक्या ठामपणे सांगतो, कारण ही चूक मी स्वतः केलेली आहे. विदर्भातल्या पडीक आणि सामाईक जमिनींवर काम करायला लागलो तेव्हा कळमेश्वर तालुक्यातल्या एका गावाबाहेर आम्ही पाचेक हेक्टरवर खड्डे खणले, रोपं लावली, काटेरी तारेचं कुंपण घातलं. पहिलं वर्ष दृष्ट लागण्यासारखं गेलं. दुसऱ्या वर्षी मार्चमधल्या एका दुपारी सगळं जळालं. आग कोणी लावली ते आम्ही शोधलं नाही, पण ती का विझवली गेली नाही हे दुसऱ्या दिवशी कळलं. एक म्हातारे बुवा बकऱ्या घेऊन जळक्या कुंपणापाशी उभे होते. ते म्हणाले, "साहेब, झाडं लावाले कोण नाही म्हणते जी? पण आमच्या बकऱ्यायची पाण्यावर जायची वाट इथूनच होती. आता कुठून नेऊ, थे सांगा." कुंपण घालण्याआधी आम्ही गावात विचारलंच नव्हतं. आम्हाला ती जागा रिकामी दिसली होती.

तुमची टेकडीही रिकामी नाही. कागदावर तिला कुठलं तरी नाव आहे, जमिनीवर तिचे वापरणारे आहेत आणि गवतात राहणारे आहेत. या तिघांची नीट माहिती झाली की पुढचं काम अवघड राहत नाही.

कागदाचं आधी सांगतो, कारण नागपुरात सगळं तिथेच अडतं किंवा तिथेच सुटतं. तलाठ्याकडे (आता पदाचं नाव ग्राम महसूल अधिकारी) जाऊन टेकडीच्या प्रत्येक गट नंबरचा सातबारा काढा. त्याचबरोबर गावाचं निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज मागा. हे दोन दस्तऐवज मागायचं शहरातल्या लोकांना सुचत नाही आणि विदर्भात तेच सर्वांत मोलाचे असतात. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १६१ आणि १६५ मध्ये त्यांची तरतूद आहे. गावाने चराईसाठी, सरपणासाठी, गवतासाठी, स्मशानासाठी कोणती जमीन वापरायची, कुठल्या वाटेने जायचं, कुठल्या पाण्यावर कोणाचा वहिवाटीचा हक्क, हे त्यात लिहिलेलं असतं. तुमच्या टेकडीवरची एखादी पायवाट जुनी गाडवाट म्हणून त्यात निघाली, तर ती बंद करायला निघालेल्या माणसासमोर ठेवायला याहून चांगला पुरावा नाही.

भूमी अभिलेख कार्यालयातून गावनकाशा आणि जुना मोजणी नकाशाही घ्या. गुगल अर्थवरची मागच्या वर्षांची उपग्रह छायाचित्रं पाहा आणि मुरूम कधीपासून निघतोय, नाला कुठून कुठे सरकलाय, गवत कुठे टिकून आहे ते तारखेसकट टिपून ठेवा. आपल्या व्हीएनआयटी या अभियांत्रिकी संस्थेच्या आवारात महाराष्ट्र रिमोट सेन्सिंग अॅप्लिकेशन सेंटर आहे, उपग्रह नकाशांचं काम करणारी राज्याची संस्था. शेजारीच असलेल्या या संस्थेची आठवण आपल्याला सहसा होत नाही.

आता सातबाऱ्यावर काय निघतं त्यावर पुढचा रस्ता ठरेल. हिंगण्याच्या बाजूला 'झुडपी जंगल' असा शेरा निघण्याची शक्यता बरीच आहे, म्हणून ते जरा सविस्तर.

जुन्या मध्य प्रांतात मालगुजारी, म्हणजे जमीनदारीसारखी पद्धत होती. १९५० च्या कायद्याने ती गेली आणि मालगुजारांच्या ताब्यातल्या पडीत, गवती, खुरट्या झुडपांच्या जमिनी सरकारजमा झाल्या. तलाव गेले ते मामा तलाव झाले, म्हणजे माजी मालगुजारी तलाव. जमिनी गेल्या त्यातल्या पुष्कळ महसूल दप्तरात झुडपी जंगल म्हणून चढल्या. वापर मुख्यतः चराईचा आणि निस्ताराचा. पुढे कित्येक दशकं वाद चालला, की याला जंगल म्हणायचं की नाही. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या सहा जिल्ह्यांत मिळून अशी सुमारे ८६ हजार हेक्टर जमीन आहे, आणि तिच्यावर शाळा, वस्त्या, स्मशानं, सरकारी इमारती सगळं उभं राहिलेलं आहे. २२ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की झुडपी जंगल हे जंगल वाचवण्याबद्दलच्या गोदावर्मन प्रकरणातल्या १२ डिसेंबर १९९६ च्या आदेशानुसार वनच मानायचं. १९९६ च्या त्या तारखेआधी दिलेल्या जमिनींना नियमित करण्याचा मार्ग ठेवला. आणि जे तुकडे ३ हेक्टरांपेक्षा लहान आहेत, वाटप न झालेले आहेत आणि दुसऱ्या जंगलाला लागून नाहीत, ते भारतीय वन अधिनियमाच्या कलम २९ खाली संरक्षित वन म्हणून घोषित करण्याचा विचार राज्याने करावा, असंही सांगितलं.

तुमच्यासाठी याचा अर्थ फार मोठा आहे. टेकडी झुडपी जंगलात निघाली तर तिथला मुरूम काढणं, प्लॉट पाडणं, रस्ता काढणं हे सगळं वनेतर काम ठरतं आणि १९८० च्या वन संवर्धन कायद्याच्या कक्षेत येतं. तुमचा अर्ज मग 'आम्हाला उद्यान हवं' असा असू नये. 'या गट नंबरची नोंद झुडपी जंगल आहे, प्रत्यक्षात हे चाललंय, वन विभागाने ताबा घेऊन सीमा आखावी' असा असावा. सिव्हिल लाइन्समधल्या वनभवनात राज्याच्या वन खात्याचं मुख्यालय आहे. विभागीय कार्यालयातून दाद लागली नाही तर तिथे चालत जाता येतं, हे भाग्य मुंबई-पुण्याच्या लोकांना नाही.

एक धोका मात्र ओळखून ठेवा. वन ठरलं की पायवाटा आपोआप खुल्या राहत नाहीत. खात्याच्या मनात आलं तर तारेचं कुंपण, फाटक, तिकीट असा क्रम लागतो, आणि बकऱ्यावाल्यांना सगळ्यात आधी बाहेर काढलं जातं. म्हणून सुरुवातीपासूनच शेजारच्या गावाच्या संयुक्त वन व्यवस्थापन समितीला मध्ये घ्या. समिती नसेल तर ग्रामसभेत ठराव करून ती स्थापन करायला लावा. त्या ठरावात चराईच्या वाटा, फिरायच्या वाटा आणि बंद ठेवायचा भाग असं तिन्ही लिहून घ्या. गावाला वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्क मिळालेला असेल, तर व्यवस्थापनाचा अधिकार ग्रामसभेचाच असतो, तुम्ही फक्त सोबत करायची.

गायरान किंवा इतर सरकारी जमीन निघाली तर चित्र थोडं वेगळं. अशा जमिनी संहितेच्या कलम २२-अ मुळे सहजासहजी दुसऱ्या कामाला देता येत नाहीत, आणि सामाईक जमिनींवरची अतिक्रमणं काढण्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये जगपाल सिंग प्रकरणात सगळ्या राज्यांना बजावलेलं आहे. तरीही नुसत्या गायरान शेऱ्यावर विसंबू नका, त्यावर संरक्षणाची दुसरी नोंद चढवा. माझ्या अनुभवात लोकांच्या वापराशी सगळ्यात जुळणारी नोंद म्हणजे जैविक विविधता कायद्याच्या कलम ३७ खालचं जैवविविधता वारसा स्थळ. अभयारण्यासारखे निर्बंध त्यात येत नाहीत. लोकांच्या चालत आलेल्या रीतींवर, त्यांनी स्वतःहून मान्य केल्याखेरीज, बंधन घालायचं नाही असं त्याच्या मार्गदर्शक सूचनांतच आहे. आणि जागा मोठी असावी लागते असंही नाही. गडचिरोलीतलं आलापल्लीचं वारसा स्थळ फक्त ६ हेक्टरांचं आहे, पुण्याचं गणेशखिंड उद्यान ३३ हेक्टरांचं. तुमचे ७०-८० एकर म्हणजे ३० हेक्टर होतात.

हा प्रस्ताव जैवविविधता व्यवस्थापन समितीकडून जातो. ती प्रत्येक ग्रामपंचायतीत आणि नगरपालिकेत असायला हवी असा कायदा आहे. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी ती कागदावरच असते, म्हणून सरपंचांना भेटून ती जागी करा. लोक जैवविविधता नोंदवहीत टेकडीचं पान भरा: कोणतं गवत कुठे, कोणता पक्षी कधी अंडी घालतो, कोणती वनस्पती कोण कशासाठी नेतं. यात तुमच्या लेआउटमधला कॅमेरा घेऊन फिरणारा मुलगा जेवढा उपयोगी, तेवढीच गावातली गवत कापणारी बाई. महाराष्ट्र राज्य जैवविविधता मंडळाचं कार्यालयही नागपुरातच आहे. प्रस्ताव पाठवून वाट पाहत बसू नका, हातात घेऊन जा.

वन्यजीव संरक्षण कायद्यातलं कलम ३६-अ चं संवर्धन राखीव क्षेत्र हाही सरकारी जमिनीसाठी एक मार्ग आहे. नाशिकजवळच्या बोरगडला २००८ मध्ये तो दर्जा मिळाला. मात्र तो बहुधा अभयारण्यांना लागून असलेल्या किंवा दोन जंगलं जोडणाऱ्या पट्ट्यांना शोभतो. तुमच्या टेकडीवरून पुढे झुडपांचा सलग पट्टा जात असेल, तर विचार करा.

आणि खासगी नाव निघालं तर? मग निराश होऊ नका, पण स्वतःला फसवूही नका. दहा वर्षं आपण जिथे फिरलो ती जागा आपली वाटायला लागते. सातबाऱ्यावर ती कोणा कुटुंबाची असते आणि त्यांना मुलीच्या लग्नासाठी, शिक्षणासाठी ती विकायची असते. त्यांच्याविरुद्ध मोर्चा काढून सुरुवात केलीत तर ते पहिल्या बिल्डरला जमीन देतील. आधी त्यांच्या घरी जा. विकास आराखड्यात जागेवर हिरवं आरक्षण किंवा ना-विकास क्षेत्र आहे का ते पाहा. हिंगण्याकडचा बराच भाग महानगरपालिकेच्या हद्दीबाहेर, महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे आहे, त्यामुळे नकाशा तिथे मिळेल. आरक्षण असेल तर मालकाला टीडीआरच्या (दुसरीकडे वापरता किंवा विकता येणाऱ्या बांधकाम हक्काच्या) रूपात मोबदला मिळू शकतो आणि जमीन लोकांची होते. पण आरक्षण म्हणजे कायमचं कवच असं समजू नका. प्रादेशिक व नगररचना अधिनियमाच्या कलम १२७ प्रमाणे अंतिम आराखड्यापासून १० वर्षांत जमीन घेतली गेली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो, आणि त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावलं पडली नाहीत तर आरक्षण संपतं. मी अशा दोन जागा हातातून जाताना पाहिल्या आहेत. दोन्ही वेळा नोटीस कार्यालयात पडून होती आणि बाहेर कोणाला पत्ताच नव्हता. दर सहा महिन्यांनी माहिती अधिकारात एक अर्ज करून अशी नोटीस आली आहे का ते विचारत राहणं, हे काम तुमच्यातल्या एका निवृत्त माणसाने अंगावर घ्यावं.

अमेरिकेत जमीनमालक आपला बांधकामाचा हक्क कायमचा एखाद्या भूविश्वस्त संस्थेच्या हाती सोपवतो आणि जमीन स्वतःकडेच ठेवतो, असं पुष्कळ जणांनी वाचलेलं असतं आणि मला विचारतात, आपण तसं करू का. आपल्याकडचा सुविधाधिकार १८८२ च्या कायद्यातला आहे आणि तो एका जमिनीच्या उपभोगासाठी दुसऱ्या जमिनीवर असतो. निसर्गासाठी म्हणून तो लिहून देता येत नाही. जवळचा पर्याय म्हणजे कलम ३६-क चं समुदाय राखीव क्षेत्र, जिथे मालक स्वतःहून पुढे येतो. समजूतदार मालक भेटला तर हे होतं. अगदीच नाही तर निदान पायवाटेच्या पट्ट्यापुरता नोंदणीकृत करार करून घ्या.

मुरुमाचं काम या सगळ्यासाठी थांबवून ठेवू नका. गौण खनिजाचा परवाना आहे का, हे तहसीलदारांना लेखी विचारा. नसेल तर संहितेच्या कलम ४८ खाली दंड होतो आणि वाहन जप्त होतं. फोटो दिवसाउजेडी, अंतरावरून, गाडीचा नंबर आणि जागेची खूण दिसेल असे काढा. रात्री टिप्पर अडवायला एकट्यादुकट्याने जाऊ नका. ही माणसं धोकादायक असू शकतात.

आता वापरणाऱ्यांकडे. कागद गोळा होईपर्यंत दोन-तीन महिने जातीलच. त्या काळात दर आठवड्याला एक सकाळ गावातल्या गुराख्यासोबत टेकडी फिरा. मोबाइलवर वाट नोंदवत चला आणि त्यांना बोलू द्या. कळप कुठून चढतो, पाणी कुठे आहे, मार्चमध्ये मोहाखाली कोण जातं, पावसाळ्यात कुठे पाय रुततो. या नकाशावरच तुमच्या पायवाटा बसतील. नव्या वाटा फार थोड्या काढाव्या लागतात.

बकऱ्यांनी पाडलेल्या वाटांमधल्या काही सरळ उताराने खाली जातात. त्या तेवढ्या सोडून द्या. अशी वाट दोन पावसाळ्यांत नाली होते, मग लोक बाजूने चालतात, मग ती दुप्पट रुंद होते. वाट डोंगराच्या अंगाने, समपातळीच्या जवळून गेली पाहिजे. साधा नियम असा की वाटेचा चढ डोंगराच्या उताराच्या निम्म्याहून जास्त नसावा. उतार १०० फुटांना २० फूट असेल तर वाट १०० फुटांना १० फुटांहून जास्त चढू नये, आणि सरासरी त्याहून कमीच असावी. वाटेचा पृष्ठभाग दरीकडे किंचित कललेला ठेवायचा, म्हणजे पाणी वाटेवरून वाहत न जाता आडवं ओलांडून निघून जातं. दर २५-३० पावलांवर वाटेला हलकासा खळगा देऊन पुन्हा चढवायची, तिथे साचलेलं पाणी बाहेर पडतं.

नागपूर दख्खनच्या काळ्या कातळाच्या पूर्व कडेवर बसलंय. सीताबर्डीची टेकडी त्याच कातळाची. पश्चिमेला हिंगण्याकडे गेलात की मुरमाड माथे आणि पायथ्याला काळी कापसाची माती, असं जोडीने मिळतं. मुरमाडावर वाट उत्तम टिकते. काळ्या मातीवर टिकत नाही, कारण ती पावसात फुगते, चपलेला धरते आणि सायकलचं चाक चार इंच खोल चर पाडून जातं. तो चर उन्हाळ्यात विटेसारखा घट्ट होतो. म्हणून वाटा शक्यतो मुरमाडावर ठेवा, आणि जिथे काळी माती ओलांडावीच लागते तिथे पायाखाली दगड बसवा. मोठ्या पावसानंतर दोन दिवस सायकल बंद, हा नियम पहिल्याच वर्षी लावा. सायकलवाले समजून घेतात. माझा अनुभव असा आहे की कारण सांगितलं तर ते स्वतःच फलक धरून उभे राहतात.

रुंदी किती? नुसत्या चालण्याच्या वाटेला ४ फूट पुरतात. जिथे सायकल आणि माणसं दोन्ही असतील तिथे ६ फूट ठेवा. त्याहून रुंद केलीत की उद्या मोटरसायकल येते, परवा चारचाकी, आणि मग कोणीतरी डांबर टाका म्हणतं. तोंडाशी मोठे दगड असे नागमोडी ठेवा की माणूस, सायकल आणि बकरी जाईल पण मोटरसायकल वळणार नाही. सिमेंटचे ब्लॉक, दिवे, रंगीत हत्ती-जिराफ, व्यायामाची लोखंडी यंत्रं यातलं काहीही नको. निधी देणारे आग्रह धरतील. त्यांना सांगा की पैसे गावातल्या एका राखणदाराच्या पाच वर्षांच्या पगारासाठी द्या. असा माणूस गुराख्यांच्या घरचाच असावा.

वाटेवर कोणी कोणाला वाट द्यायची, हे ठरवलंच पाहिजे, नाहीतर भांडणं होतात. सायकलने चालणाऱ्याला वाट द्यायची. चढणाऱ्याला उतरणाऱ्याने वाट द्यायची. कळप आला की सगळ्यांनी थांबायचं. शेवटचा नियम गावाला फार भावतो, आणि त्या एका नियमामुळे पुढचे कितीतरी वाद टळतात. कुत्रा दोरीला बांधलेलाच हवा, त्यात तडजोड नको. टिटवी, चंडोल, रातवा हे पक्षी जमिनीवरच अंडी घालतात आणि मार्चपासून पावसाळा सुरू होईपर्यंतचा काळ त्यांचा असतो. मोकळा कुत्रा एका सकाळी सगळं संपवतो.

म्हणूनच सगळ्या टेकडीवर वाटांचं जाळं विणू नका. वाट कडेकडेने फिरवा आणि निदान एक तृतीयांश जागा, शक्यतो मधली आणि नाल्याला लागून असलेली, वाटेविना सोडा. तिथे रोही बसतील, तित्तिर राहतील. २०१९ मध्ये विमानतळाजवळच्या मिहान या औद्योगिक प्रकल्पाच्या परिसरात वाघ फिरत होता आणि २०२१ मध्ये नागपूरच्या वस्तीत बिबट दिसला होता, हे आठवत असेल. ही जनावरं अशाच झुडपी पट्ट्यांतून, नाल्यानाल्याने येतात आणि संधी मिळाली की तशीच निघून जातात. अंधार पडायच्या आत टेकडी सोडायची, उष्टंखरकटं टाकायचं नाही, एवढं पाळलं तर त्यांची आणि आपली गाठ पडत नाही.

झाडं आणि गवत यांबद्दल मला मनापासून सांगायचंय. आपल्याला गवत दिसलं की जागा उजाड वाटते. कुसळी, पवना, मारवेल यांचं चांगलं गवताळ रान हे स्वतःच एक संपूर्ण रान आहे. मधूनमधून हिवर, बोर, पळस, खैर, माथ्यावर एखादी सालई, एवढंच त्याचं मूळ रूप. त्यात दीड-दीड फुटांचे ५०० खड्डे खणून गुलमोहर आणि सुबाभूळ लावली तर गवत मरतं, चंडोल जातो, बकऱ्यांचा चारा जातो, आणि मे महिन्यात ४५ अंशांच्या पुढे पारा गेला की रोपंही जातात. पहिल्या वर्षी लावण्यापेक्षा काढायचं काम करा. घाणेरी काढा. ती वरून छाटली की दुप्पट फुटते. मुळाची मान जमिनीखाली दोनेक इंचांवर कुदळीने तोडून झुडूप उलटं ठेवायचं, म्हणजे पुन्हा धरत नाही. हे काम पावसाळ्याच्या सुरुवातीला करा आणि मोकळ्या झालेल्या जागेत लगेच आसपासच्या गवताचं बी टाका, नाहीतर रानतुळस आणि गाजरगवत जागा पकडतं. बुलबुल बी आणत राहतात, त्यामुळे निदान तीन वर्षं मागे लागावं लागतं. झाडं लावायचीच असतील तर जिथून मुरूम उचललाय त्या खड्ड्याच्या कडेला लावा. ती जागा खरोखर जखमी आहे.

गुरुग्रामचं अरवली जैवविविधता उद्यान एकदा वाचून पाहा. खाणकामाने उघडी पडलेली जमीन नागरिकांनी, महापालिकेने आणि जाणकारांनी मिळून तिथल्याच मूळ झाडाझुडपांनी परत उभी केली, आणि २०२२ मध्ये अभयारण्याबाहेरचं संवर्धन क्षेत्र म्हणून आंतरराष्ट्रीय यादीत भारतातून पहिली नोंद त्याची झाली. त्यांनीही शोभेची झाडं टाळली.

आग ही आपल्याकडची खरी परीक्षा. १५ फेब्रुवारीपासून पावसापर्यंत गुडघाभर वाळलं गवत उभं असतं आणि एक विडी पुरते. मोहफुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाला पेटवायची जुनी सवय आहे, तिथूनही आग पसरते. त्या माणसांना दटावू नका. फेब्रुवारीच्या शेवटी तुम्ही आणि ते मिळून मोहाखालची जागा झाडून द्या, काम एका सकाळचं असतं. गवताचं बी पडून गेलं की, म्हणजे नोव्हेंबरनंतर, गावाला गवत कापून नेऊ द्या. चारा मिळाला की गाव राखण करतं आणि जळायला उरतंही कमी. सीमेवरच्या पायवाटेच्या दोन्ही बाजूंचं दहा-दहा फूट गवत फेब्रुवारीत काढा, म्हणजे तीच जाळरेषा होते. एकाच वाटेने सकाळी चालायचं आणि एप्रिलमध्ये आग अडवायची.

अधिकाऱ्यांपुढे जाल तेव्हा पक्ष्यांची यादी घेऊन जा, पण तेवढ्यावर थांबू नका. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत १०० मिलीमीटरहून जास्त पाऊस झाला, अंबाझरी तलाव भरून वाहिला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं. ती सकाळ कोणत्याही कार्यालयात अजून कोणी विसरलेलं नाही. नाग नदी पश्चिमेच्या लावा गावाजवळच्या टेकड्यांतून येते. तुमच्या टेकडीचं पाणी नागमध्ये जातं की वेणा नदीकडे, ते नकाशावर काढा आणि खाली कोणत्या वस्त्या आहेत ते दाखवा. गवताळ मुरमाड माथा पाणी मुरवतो, काँक्रीटचा माथा तेच पाणी तासाभरात खाली सोडतो. हे एका पानात, नकाशासह मांडा. मी जिथे जिथे असं पान दिलं तिथे खुर्चीतला माणूस पुढे झुकून बघायला लागला.

गोरेवाडा आणि अंबाझरी जैवविविधता उद्यान तुमच्या डोळ्यांसमोर असेल. गोरेवाडा १९०० हेक्टरांच्या वर आणि अंबाझरी साडेसातशेच्या आसपास. त्यांना फाटक, कर्मचारी, वाहनं परवडतात. ३० हेक्टरांच्या टेकडीला ते झेपणार नाही आणि गरजही नाही.

५०० रोपांची मागणी केली असेल तर ती २० वर आणा, मुरमाच्या खड्ड्यापुरती. सोमवारी तहसीलदारांना मुरमाचा अर्ज द्या, त्याच दिवशी तलाठ्याकडून सातबारे मागा. आणि या रविवारी फिरायला जाल तेव्हा कॅमेरा खिशात ठेवून बकऱ्यावाल्या बुवांच्या मागे मागे चाला. ते पाण्यावर कुठल्या वाटेने जातात, तेवढंच पाहून या.